काळीची ओळख : जैनथ परिसरातील जमीन आणि पाणी

गावाचे दोन भाग मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. माणसे जेथे राहतात ती पांढरी आणि पीक जेथे येते ती काळी. पांढरीचा इतिहास लिहिणारे पुष्कळ होऊन गेले. जैनथचेच उदाहरण घ्या. तेथील लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि परमार जगद्देवाच्या काळातील शिलालेख यांवर विद्वानांनी लिहिले आहे. परंतु त्या देवळाभोवती पसरलेल्या काळीवर गावाची पिढ्यान् पिढ्या गुजराण झाली, तिची ओळख करून घेण्याचा खटाटोप आपल्यापैकी फारच थोडे करतात.

मी मूळचा जैनथकडचा. आदिलाबादपासून वीसएक किलोमीटरवर, पैनगंगेच्या अलीकडे आमचे गाव. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि आसपासच्या पाड्यांवर गोंडी व कोलामी असा आमचा भाग आहे. महाविद्यालयात भूगोल शिकविताना शेतकरी घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना मी नेहमी एक प्रश्न विचारतो : "तुमची जमीन कोणती?" उत्तर बहुधा एकच येते : "काळी, सर." हे म्हणजे "तुम्ही कोण?" या प्रश्नाला "माणूस" असे उत्तर देण्यासारखे झाले. खोटे नाही, पण उपयोगाचेही नाही. काळी किती खोल, तिच्याखाली काय आहे, पाऊस पडल्यावर पाणी आत जाते की वर तुंबते, आत गेलेले पाणी किती दिवस टिकते आणि जास्त झालेले पाणी कोठून बाहेर पडते, हे कळल्याखेरीज जमीन कळली असे म्हणता येणार नाही. जमीन रंगावरून ओळखण्याची वस्तू नव्हे. ती पाण्याशी कशी वागते त्यावरून ओळखावयाची असते. प्रस्तुत लेखाचे सूत्र एवढेच आहे.

एका शिवारात किती जमिनी?

आमच्या भागात जमिनीखाली मुख्यतः दोन प्रकारचे खडक आढळतात. एक, दक्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. दुसरा त्याहून कितीतरी जुना, पैनगंगा समूहाचा चुनखडक व शेल. या चुनखडकाच्या आधारावरच आदिलाबादला सिमेंटचा कारखाना निघाला होता. पुढे तो बंद पडला. बेसॉल्ट झिजून काळी माती होते आणि चुना दोन्ही खडकांतून तिच्यात उतरतो. आमच्या शेतांत नांगराला लागणारे पांढरे खडे म्हणजे हाच चुना होय.

टेकडीपासून नदीपर्यंत चालत गेल्यास एकाच शिवारात चार प्रकारच्या जमिनी भेटतात. वर उतारावर बरड : वीतभर माती आणि खाली मुरूम. तिच्याखाली मध्यम जमीन : हात-दीड हात खोल, करड्या-तपकिरी रंगाची. सखल भागात भारी काळी : दोन हातांपासून पुरुषभर खोल. अगदी नदीकाठी पुराने आणलेली गाळाची जमीन. उतारावरची बारीक माती पावसाने हजारो वर्षे खाली वाहून आणली, त्यामुळे वरची जमीन उथळ राहिली व खालची खोल झाली. याचा अर्थ असा की, एकाच घरच्या दहा एकरांत तीन जमिनी असू शकतात आणि त्या तिन्हींना एकच बियाणे, एकच खत व एकच तारीख लावणे हा अन्याय आहे.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. शब्दच त्याची साक्ष देतात. पैनगंगेपलीकडे विदर्भात काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी प्रतवारी होती. तेलुगूत काळीला नल्ल रेगडी, हलक्या तांबड्या-वाळूसर जमिनीला चेलका आणि क्षारांनी बिघडलेल्या जमिनीला चौडू म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतील ‘रेगूर’ हा शब्द या रेगडीवरूनच गेलेला आहे. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना एरे, मसारी आणि सवळू हे शब्द नवीन नाहीत. चोपण, चौडू आणि सवळू हे तीन भाषांतील शब्द एकाच प्रकारच्या दुःखासाठी आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्याकडे शेवटी वळावयाचे आहे.

सोळा आण्यांची जमीन

जुन्या मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड यांनी बसविलेली जमीन-मोजणीची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. पुढे हैदराबाद संस्थानानेही आपल्या मोजणीत तीच वाट धरली. त्या पद्धतीत मोजणीदार शेतात खड्डा घेऊन मातीची खोली पाही. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी होत. त्यानंतर दोष मोजले जात. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, मातीत चिकटपणा नसणे, पाणी आत न मुरणे, वाहत्या पाण्याखाली सापडणे आणि पाणी साचून राहणे, असे ते सात दोष होते.

या यादीकडे नीट पाहावे. सातपैकी तीन दोष थेट पाण्याचे आहेत; उतार धरला तर चार. त्या काळी मृदा-रसायनशास्त्र बाल्यावस्थेत होते. व्होएल्करचा भारतीय शेतीवरील अहवाल १८९३ चा आणि लेदर याने भारतीय जमिनींची चार मुख्य गटांत केलेली वर्गवारी १८९८ ची. त्याच्या निम्म्या शतकाआधी सारा ठरविणाऱ्या माणसांनी खोली आणि पाणी या दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. सरकारला वसुली हवी होती, म्हणून त्याने खड्डा खणून पाहिला. आपल्याला पीक हवे आहे, पण आपण खड्डा खणत नाही!

काळी फुगते कशी?

काळीचा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असावी असे वाटते. प्रत्यक्षात आमच्याकडील काळीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या मागेपुढे असतो. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटसारखी खनिजे आणि चिकणमातीशी घट्ट बांधला गेलेला थोडासा सेंद्रिय अंश, यांमुळे हा रंग येतो. तेव्हा रंगावरून कस ठरवू नये.

काळीचे खरे वैशिष्ट्य तिच्या चिकणमातीत आहे. भारी काळीत चिकणमातीचे कण निम्म्याहून अधिक असतात व त्यांत माँटमोरिलोनाइट गटाचे खनिज प्रमुख असते. हे खनिज वहीच्या पानांसारखे थरांचे बनलेले असते. पाणी मिळाले की थरांमध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच शेतात पाय निघत नाही. भेगांत वरची माती पडते, पुन्हा फुगवटा येतो आणि माती हळूहळू स्वतःच खालीवर होते. जगाच्या वर्गीकरणात या जमिनींना ‘व्हर्टिसोल’ म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘उलटणे’ या अर्थाच्या धातूवरून ते नाव आले आहे.

या एका गुणातून काळीचे सर्व उपकार आणि अपकार निघतात. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून झपाट्याने खोल जाते. भेगा मिटल्या की मात्र दार बंद होते. ओल्या भारी काळीत पाणी तासाला एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही सावकाश मुरते. मग उरलेला पाऊस एक तर वाहतो व माती नेतो, नाही तर तुंबतो व मुळे गुदमरतात. वाफसा थोडाच वेळ टिकतो. आज शेत ओले, चार दिवसांनी दगड. म्हणूनच वखराची पाळी नेमकी केव्हा घालावी हे जाणणाऱ्याला आमच्याकडे मान असे.

पाण्याचा हिशेब

विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक मीटर खोल काळी पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी साठविते. वीतभर बरड फार तर ४० मिलिमीटर साठविते. भर फुलोऱ्यातील कपाशी दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी घेते असे धरू. पाऊस उघडला तर खोल काळीवरील कपाशी ४० दिवस तग धरील. बरडावरील आठ दिवसांत मान टाकील. आमच्याकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-तीन आठवड्यांची उघडीप नवलाची नाही. बियाणे तेच, खत तेच, पाऊस तोच. तरी एका शेतात गाडी भरते आणि शेजारच्यात कर्ज उरते. त्याचे कारण नशीब नसून हे १६० मिलिमीटर होय.

आज बरडापासून काळीपर्यंत सर्वत्र कापूस लावला जातो. आदिलाबादची बाजारपेठ कापसाची आहे, तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु बरडावर लवकर हाती येणारे मूग, उडीद किंवा ज्वारी, मध्यम जमिनीत सोयाबीन आणि तूर, व खोल काळीत कापूस किंवा पावसाळी पिकामागून हरभरा, अशी वाटणी केली तर एका उघडिपीने सगळे घर बसत नाही.

खोल काळीतील तुंबणाऱ्या पाण्यावरही उपाय आहे. पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. तेथे १९७६ पासून काळीवर एक दीर्घ प्रयोग चालला. रुंद वरंबे व सऱ्या, सुधारित बियाणे, माफक खत आणि पावसाळ्यातही पीक, अशी त्याची रचना होती. पावसाळाभर जमीन पडीक ठेवून रब्बी ज्वारी घेण्याच्या रूढ पद्धतीशी तुलना करता उत्पादन सुमारे पाचपट आले. त्या पद्धतीचा गाभा साधा आहे : मुरेल तेवढे मुरू द्यावे आणि उरलेल्याला सरीतून हळूहळू वाट द्यावी.

घरच्या घरी करावयाच्या परीक्षा

पुढील परीक्षांना प्रयोगशाळा लागत नाही. सुटीत गावी गेल्यावर प्रत्येकाने कराव्यात.

(१) खड्डा. शेताच्या मध्यावर दोन हात लांब, दोन हात रुंद व जमेल तितका खोल खड्डा घ्यावा. रंग कोठे बदलतो, मुळे कोठे थांबतात, चुनखडे कोठे लागतात आणि मुरूम कोठे सुरू होतो, याची मापे लिहून ठेवावीत. खड्डा पाहून झाल्यावर बुजवावा.

(२) वळी. चिमूटभर ओली माती मळून अंगठा व तर्जनी यांमधून तिची पट्टी काढावी. पट्टी निघतच नसेल तर वाळूसर. बोटाच्या एक-दोन पेरांएवढी निघून तुटली तर मध्यम. दोन पेरांहून लांब व चकचकीत निघाली तर भारी.

(३) बरणी. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती व बाकी पाणी घालून, चांगली हलवून दोन दिवस ठेवावी. तळाशी वाळू, तिच्यावर पोयटा आणि वर चिकणमाती असे थर बसतात.

(४) चुना. मातीवर लिंबाचा रस, किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. फसफसले तर चुना आहे.

(५) मुरण. हातभर खोल खळगा करून एकदा पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरून तासाला किती बोटे पाणी उतरते ते मोजावे. कोरड्या काळीत पहिले माप फसवे असते, म्हणून दुसरे धरावे.

(६) ढेकूळ. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. पावसाच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या पेल्यात वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ अलगद सोडावे व न हलविता काही तास ठेवावे. ढेकूळ फुटून तुकडे झाले पण पाणी निवळ राहिले, तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर मातीत सोडियम वाढल्याची शंका घ्यावी. ऑस्ट्रेलियातील एमर्सन यांनी १९६७ मध्ये या साध्या परीक्षेला शास्त्रीय रूप दिले.

प्रयोगशाळेत काय पाहावे?

नमुना घेताना बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा व पाणथळ टाळावी. एकाच प्रतीच्या जमिनीतून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे वीतभर खड्डे घ्यावेत आणि त्यांच्या बाजूची माती तासून एकत्र करावी. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. असे करीत अर्धा किलो उरवावी व सावलीत वाळवावी. बरडाची आणि काळीची माती कधीही एकत्र करू नये. तसे केल्यास येणारे उत्तर कोणत्याच शेताचे नसते.

भारत सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात. त्यांपैकी तिघींकडे काळीवाल्याने आधी पाहावे. सामू साडेआठच्या वर गेला तर चोपण होण्याची भीती असते. विद्युतवाहकता ४ च्या वर गेली तर जमीन खारवट समजतात. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन भुकेली आहे. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी मानतात, तर पालाश २८० च्या वर भरपूर मानतात. काळीत बहुधा पहिले कमी आणि दुसरे भरपूर असते. तेव्हा शेजाऱ्याने आणले तेच पोते आपणही आणणे म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेणे होय.

परसबागेसाठी दोन शब्द

परसातील लिंबाची किंवा कढीलिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे अनेकांनी पाहिले असेल. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. कुजलेले शेणखत व लोहाची फवारणी उपयोगी पडते. काळी भुसभुशीत करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला देतात. परंतु थोड्या वाळूने काळी सुटी होत नाही. शेणखत, पाचोळा आणि वीतभर उंच वाफे हाच तिचा उपाय. पांढरीची माती शतकानुशतके राख, शेण व हाडे खाऊन स्फुरदाने श्रीमंत झालेली असते; ती भाजीच्या वाफ्यात थोडी मिसळल्यास चालते. मात्र तिच्यातही क्षार असू शकतात, म्हणून ढेकळाची परीक्षा आधी करावी.

येऊ घातलेले पाणी

आता मुख्य मुद्दा. पैनगंगेवर चनाका–कोरटा येथे बॅरेज बांधण्याबाबत तेलंगणा व महाराष्ट्र यांच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये करार झाला. जैनथ व आसपासच्या कोरडवाहू जमिनीला कालव्याने पाणी द्यावे, हा त्यामागील हेतू आहे. ज्यांनी उघडिपीत वाळलेली कपाशी पाहिली आहे त्यांना या पाण्याचे मोल सांगावयास नको. मीही त्या पाण्याच्या बाजूचाच आहे. परंतु काळीला पाणी देणे आणि काळीतून पाणी काढणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. पहिल्याचा उत्सव होतो आणि दुसऱ्याची आठवणही राहत नाही.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास पूर्ण झाला. खोल काळीत ऊस उभा राहिला. पण १९१० मध्येच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. एका पिढीत सोन्यासारखी काळी पांढरी पडू लागली होती. कर्नाटकात तुंगभद्रेचे पाणी १९५३ पासून मिळू लागले. हलक्या पाण्याची पिके घ्यावीत अशी योजना होती. कालव्याच्या वरच्या भागात भात आला आणि गंगावती-सिंधनूरकडील एरे जमिनींत सवळू वाढला. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी तीच कथा घडली.

कारण गूढ नाही. समजा, कालव्याच्या एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. असे पाणी पिण्यासही चालते. एका हेक्टरला हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे ५० लाख लिटर झाले. त्यातून १५०० किलो, म्हणजे १५ क्विंटल क्षार शेतात आले. पाणी उडून जाते, पिकात जाते, क्षार राहतात. खाली निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जातात. निचरा नसेल तर जमिनीतील पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठावर चढतात आणि सोडियम चिकणमातीत घर करतो. मग माती विरघळल्यासारखी होते, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी मुळीच मुरत नाही. हीच चोपण. जिप्सम, चर व हिरवळीची खते यांनी ती सुधारते. पण त्याला वर्षे आणि पैसा लागतो.

म्हणून पाणी येण्याआधीच काही गोष्टी व्हावयास हव्यात. नाले मोकळे ठेवावेत, त्यांवर अतिक्रमण करू नये. सखल काळीत बारमाही ओलिताचे पीक घेऊ नये. कालव्याचे पाणी सर्वांत आधी मध्यम जमिनीला द्यावे. तिला त्याचा खरा उपयोग आणि तिचा निचराही चांगला. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आजची नोंद करून ठेवावी.

ही नोंद विद्यार्थ्यांनी करावी असे मला मनापासून वाटते. येत्या मे महिन्यात आपापल्या शिवारातील पाच-सहा ठिकाणी खड्डे घ्यावेत, विहिरींच्या पाण्याची पातळी दोरीने मोजावी, मातीचा सामू व विद्युतवाहकता तपासून घ्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक शेताच्या जमिनीचे जुने नाव लिहून घ्यावे. मराठी, कन्नड, तेलुगू किंवा गोंडी, ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत लिहावे. ही वही तारीख घालून जपून ठेवावी आणि दरवर्षी त्याच जागी तीच मापे घ्यावीत. विहिरीतील पाणी वर्षागणिक वर येत असेल आणि पेल्यातील ढेकूळ गढूळ होऊ लागले असेल, तर पांढरे डाग दिसण्याच्या कितीतरी आधी गावाला सावध करता येईल. नीरेकाठच्या शेतकऱ्यांजवळ अशी वही नव्हती. आपल्याजवळ ती असू शकते, आणि तिला खर्च फक्त एका फावड्याचा, एका दोरीचा व चार दिवसांच्या घामाचा आहे.